ट्यूबलाइटवरची पाल आणि दोन सूर्यांचे ग्रह

सोलापुरात मे महिन्यात रात्री घरात झोपणं म्हणजे स्वतःला भट्टीत लावून घेणं. दिवसभर ४३ डिग्री पिलेला स्लॅब रात्री बारापर्यंत ती गरमी परत करत बसतो, फॅन नुसती गरम हवा ढवळतो, त्यामुळं आमच्याकडं साडेनऊ वाजले की चटई, पाण्याची कळशी आणि दोन चादरी घेऊन सगळे गच्चीवर. (चादर अंगाखाली बरं का, उन्हाळ्यात सोलापुरी चादर अंगावर घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.) सुट्टीला आलेला भाचा सोबत होता, यंदा आठवीत गेलाय. आणि नेमकी लाईट गेली. खालून आईनं वीजवाल्यांचा उद्धार केला, पण माझ्यासारख्याला ती लॉटरी असते, कारण लाईट असली की आमच्या भागातनं मोजून पंधरा तारे दिसतात.

आदल्या दिवशी आम्ही एका लग्नाला गेलो होतो. दुपारी साडेबाराचा मुहूर्त, नंतर गुरुजींनी नवरा-नवरीला सांगितलं, वर बघा, अरुंधतीचं दर्शन घ्या, आणि दोघांनी भक्तिभावानं कार्यालयाच्या पीओपीच्या छताला आणि फिरत्या फॅनला नमस्कार केला. भाच्याच्या डोक्यात तेच बसलेलं. "मामा, ती अरुंधती खरंच हाय का? वर तर फॅन होता की."

म्हणलं ये, दाखवतो. मेच्या शेवटी रात्री साडेनऊ-दहाला सप्तर्षी उत्तरेला बऱ्यापैकी वर असतात. पतंगाच्या चौकोनाला जी शेपटी आहे तिच्यातला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी चिकटून एक बारीक ठिपका, ती अरुंधती. पोराचे डोळे चांगले आहेत, दोन सेकंदात म्हणाला, "दोन दिसलालेत."

"दोन नाहीत," मी म्हणलं. "सहा आहेत."

आणि इथून जे सुरू झालं ते रात्री साडेअकरापर्यंत चाललं. मी काही खगोलशास्त्रज्ञ नाही, चादरी-टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब लिहितो, पण वीस-बावीस वर्षं हा नाद आहे. त्या रात्री त्याला जे सांगितलं तेच जरा नीट मांडून इथं लिहितोय, कारण "परग्रह सापडला" अशा बातम्या आपण सगळे फॉरवर्ड करतो, पण तो ग्रह शोधणाऱ्या माणसाचा अर्धाअधिक वेळ ग्रहावर जातच नाही, ताऱ्यांच्या जोड्या ओळखण्यात जातो, हे कुणी सांगत नाही.

तर सहा कसे. दुर्बिणीतनं बघितलं की वसिष्ठ एक नाही, जवळजवळ दोन तारे दिसतात, हे सतराव्या शतकातच कळलं होतं. नंतर १८८९ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत पिकरिंग यांनी त्यातल्या मोठ्या ताऱ्याचा प्रकाश प्रिझममधनं बघितला. ताऱ्याच्या प्रकाशाचा असा पट्टा काढला की त्या इंद्रधनुष्यात मधेमधे बारीक काळ्या रेघा दिसतात. त्यातली एक रेघ काही रात्री एकेरी दिसायची, काही रात्री दुहेरी. म्हणजे तिथंही दोन तारे, इतके जवळ की कुठल्याच दुर्बिणीत तेव्हा सुटे दिसणार नाहीत, फक्त एक आपल्याकडं येतोय आणि एक लांब जातोय म्हणून रेघ फाटते. पुढं दुसराही दुहेरी निघाला, म्हणजे वसिष्ठाचे झाले चार, आणि २००९ मध्ये कळलं की अरुंधतीलाही एक मंद जोडीदार आहे. चार अधिक दोन. लग्नात जिला एकनिष्ठेचं उदाहरण म्हणून दाखवतात तिच्या घरी ही एवढी गर्दी, पण ते असो.

ही रेघेची भानगड समजली की पुढचं सगळं सोपं आहे. स्टेशनजवळ राहणाऱ्याला तर सांगायलाच नको, गाडी हॉर्न देत येताना आवाज चढा असतो आणि पुढं निघून गेली की एकदम पडतो. प्रकाशाचंही तसंच. तारा आपल्याकडं सरकत असला की रेघा निळ्याकडं सरकतात, लांब जात असला की तांबड्याकडं. बस. तारा कितीही लांब असू दे, नुसत्या रेघांवरनं त्याचा वेग काढता येतो.

पण तारा मागंपुढं हलेल कशाला? तर फुगडी. दोन सारख्या वजनाच्या पोरी फुगडी खेळल्या की दोघींच्या मधला बिंदू स्थिर राहतो आणि दोघी त्याच्याभोवती सारख्याच फिरतात. हे जोडतारे. आता बापानं चार वर्षांच्या लेकीबरोबर फुगडी घातली तर काय होतं? लेक मोठा गोल काढते, हवेत तरंगते, आणि बाप जवळजवळ जागच्या जागी, पण एकदम जागच्या जागी नाही, थोडासा मागं झुकून बारीक गोल काढतच असतो. बाप म्हणजे तारा, लेक म्हणजे ग्रह. आपण इतके लांब आहोत की लेक दिसतच नाही. फक्त बाप दिसतो आणि तो डुलतोय. अंधारात एकटाच डुलणारा माणूस बघून ओळखायचं की ह्यानं कुणाचे तरी हात धरलेत, आणि डुलण्यावरनं तिचं वजन सांगायचं.

ही युक्ती आधी ताऱ्यांवरच वापरली गेली. व्याध, आपल्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, तो सरळ न जाता नागमोडी जातोय हे १८४४ मध्ये बेसेल यांनी सांगितलं आणि म्हणाले याला न दिसणारा जोडीदार आहे. १८६२ मध्ये आल्वन क्लार्क यांनी नवीन भिंग तपासताना व्याधाकडं बघितलं आणि तो जोडीदार तिथंच बसलेला. अठरा वर्षं आधी कागदावर सापडलेला तारा.

मग ग्रहासाठी का वेळ लागला? कारण आकडे. जोडताऱ्यात तारे सेकंदाला कित्येक किलोमीटरनं, कधी शेकडो किलोमीटरनं पळतात. गुरूसारखा दांडगा ग्रह सूर्याला हलवतो तो सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे तासाला ४५ किलोमीटर, होटगी रोडवर मोटारसायकल चालते तेवढा. आणि आपली पृथ्वी सूर्याला हलवते सेकंदाला ९ सेंटिमीटर. नऊ! रांगतं बाळसुद्धा त्यापेक्षा जोरात जातं. उकळत्या वायूचा दहा-पंधरा लाख किलोमीटर रुंद गोळा रांगत्या बाळाहून हळू हलतोय हे इथं बसून मोजायचं, आणि ताऱ्याचा पृष्ठभाग स्वतःच खदखदतो, वरखाली होतो, तो वेगळाच. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह सापडला तो १९९५ मध्ये, मिशेल मायर आणि दिदिए केलोझ या स्विस जोडगोळीला, महाश्व तारकासमूहात, ५० प्रकाशवर्षांवर. तो ग्रह गुरूच्या अर्ध्या वजनाचा आणि ताऱ्याला इतका चिकटून की त्याचं वर्ष चार दिवसांचं. आपला बुध ८८ दिवस घेतो. असं काही असू शकतं यावर लोकांचा विश्वास बसेना. २०१९ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज सगळ्या परग्रहांची मिळून संख्या ६००० च्या पुढं गेलीय, २०२५ च्या सप्टेंबरात तो आकडा ओलांडला.

पण खरं सांगायचं तर ग्रह सापडल्याची आरोळी त्याच्या १४० वर्षं आधी एकानं मारली होती, आणि ती आपल्याकडनं. कॅप्टन विल्यम जेकब नावाचा इंग्रज होता, कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातला इंजिनियर. त्यानं १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची वेधशाळा थाटली आणि १८४५ ते १८४८ मध्ये तिथनं २४४ जोडताऱ्यांची यादी केली. पुण्याच्या आकाशाखाली बसून, एकेक जोडी, कोन आणि अंतर मोजून. मला हे वाचून फार भारी वाटलं होतं, म्हणजे आपल्या पुण्यात पेशवाई जाऊन तीसच वर्षं झालेली आणि हा माणूस रात्री जोडतारे मोजतोय. पुढं तो मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला आणि १८५५ मध्ये त्यानं जाहीर केलं की भुजंगधारी तारकासमूहातल्या ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याची कक्षा गणिताप्रमाणं चालत नाही, तिथं एखादा ग्रह ढवळाढवळ करत असावा. नंतर अमेरिकेत थॉमस सी यांनीही त्याच जोडीबद्दल तसाच दावा केला, तेव्हा १८९९ मध्ये मोल्टन यांनी गणित मांडून दाखवलं की असलं त्रिकूट टिकूच शकत नाही, ग्रह केव्हाच बाहेर फेकला जाईल. ग्रह नव्हताच. जेकब १८६२ मध्ये वेधशाळा उभी करायला भिंग घेऊन परत आला आणि आल्या आल्या ऑगस्टमध्ये पुण्यातच वारला. भाचा म्हणाला, "म्हणजे चुकीचाच होता की." चुकीचा होता, पण कशानं चुकला बघ, जोडताऱ्यानं चकवलं. जोडताऱ्यानं माणसाला चकवण्याची ही काय शेवटची वेळ नव्हती.

आता दुसरी पद्धत, जिच्यानं सगळ्यात जास्त ग्रह सापडलेत. ग्रह ताऱ्यासमोरनं गेला की प्रकाश जरासा कमी होतो. गुरू सूर्यासमोरनं गेला तर शंभरातला एक भाग कमी होईल, पृथ्वी गेली तर दहा हजारातला एकही भाग नाही, त्याहून कमी. २००९ मध्ये नासानं केपलर दुर्बीण अवकाशात पाठवली, तिनं हंस आणि स्वरमंडळ या भागातल्या आकाशाच्या एकाच तुकड्याकडं चार वर्षं टक लावली, दीड लाख तारे, दर अर्ध्या तासाला नोंद.

या नोंदीतनं ग्रह कसा काढतात हे मला आमच्या जॉबरमुळं कळलं. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. एकदा एका लॉटच्या कापडात बारीक आडवी पट्टी पडत होती, इतकी बारीक की मला दाखवूनही दिसेना. मालक वैतागलेला, पार्टीनं माल परत केलेला. जॉबरनं कापड टेबलावर पसरलं, तिरपा उजेड धरला, टेप लावली आणि म्हणाला, "साहेब, दर अकरा इंचाला येलालीय बघा." अकरा, बावीस, तेहेतीस. मग मागाकडं गेला, अकरा इंचात कुठला भाग एक फेरा पूर्ण करतो ते बघितलं, आणि त्याच गिअरचा एक दात घासलेला निघाला. पट्टी एकदाच दिसली तर ती काहीही असू शकते, धागा तुटला असेल, कामगाराचा हात लागला असेल. पण ठरलेल्या अंतरानं परत आली की तिच्यामागं फिरणारं काहीतरी आहे. प्रकाशातली घट दर ४.२ दिवसांनी आली, किंवा दर २२९ दिवसांनी आली, की तिथं फिरणारं काहीतरी आहे. संगणक काय करतो, हेच करतो, टेप लावत बसतो.

फिरणारं काहीतरी आहे, पण ते ग्रहच कशावरनं?

हाच खरा प्रश्न आहे, आणि इथं जोडतारे वेश बदलून येतात. दोन तारे एकमेकांभोवती फिरताना आपल्या नजरेच्या रेषेत एकमेकांना झाकायला लागले की प्रकाश ठरलेल्या वेळानं कमी होतो. ययाती तारकासमूहात अल्गोल नावाचा तारा आहे, तो दर २ दिवस २१ तासांच्या आसपास डोळ्यांना दिसेल इतका मंद होतो, आणि यामागं ग्रहणच असावं असं १७८३ मध्ये जॉन गुडरिक नावाच्या १८ वर्षांच्या कर्णबधिर पोरानं सुचवलं होतं. आता अल्गोलची घट दांडगी असते, तिला ग्रह कोण समजणार नाही. पण समज एक झगझगीत तारा आहे आणि त्याच्या मागं, हजारो प्रकाशवर्षं लांब, पण नेमका त्याच दिशेला, असला एक जोडतारा आहे. दुर्बिणीला दोन्ही मिळून एकच ठिपका दिसतो. मागच्या जोडीचा वाटा एकूण प्रकाशात दोन टक्के. ती जोडी ग्रहणात अर्धी झाली की एकूण प्रकाश किती कमी झाला? एक टक्का. आणि एक टक्का म्हणजे कोण, गुरू! झाली बातमी.

टेस ही २०१८ साली गेलेली दुर्बीण सगळं आकाश बघते, पण तिचा एकेक पिक्सेल २१ कोनीय सेकंदांचा आहे (एका अंशाचे ३६०० भाग केले की एक भाग म्हणजे कोनीय सेकंद). आपल्या वसिष्ठाचे दोन तारे एकमेकांपासून १४ कोनीय सेकंदांवर आहेत. म्हणजे जे दोन तारे साध्या घरगुती दुर्बिणीतनं सुटे दिसतात ते टेसच्या एका पिक्सेलमध्ये आरामात मावतात. त्यामुळं टेसनं "इथं काहीतरी आहे" म्हणलं की जमिनीवरची माणसं कामाला लागतात.

काय बघतात? एकाआड एक घटी सारख्या आहेत का. जोडताऱ्यात एक तारा जास्त तेजस्वी असतो, त्यामुळं एकदा मोठी घट, एकदा लहान, असं आलटूनपालटून होतं. मग घटीचा आकार, ग्रह छोटा असतो, तो ताऱ्यावर पूर्ण चढला की घट तळाशी सपाट राहते, कढईसारखी. दोन तारे घासून गेले तर टोकदार, इंग्रजी व्ही सारखी. आणि शेवटी वेग मोजायचा. तारा सेकंदाला कित्येक किलोमीटर हलतोय तर जोडीदार तारा, मीटरमध्ये हलतोय तर ग्रह. आपल्याकडं माउंट अबूला गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची १.२ मीटरची दुर्बीण आहे, तिच्यावर पारस नावाचं यंत्र आहे तेच हे काम करतं. २०१८ मध्ये त्या टीमनं केपलरला दिसलेली एक घट अशीच तपासून ग्रह असल्याचं पक्कं केलं, ६०० प्रकाशवर्षांवर, पृथ्वीच्या सहापट आकाराचा, २७ पट वजनाचा. दुर्बीण केवढी, तर १.२ मीटर, जगाच्या मानानं लहानच, पण आरसा लहान असला तरी वेग मोजणारं यंत्र पक्कं लागतं.

आता पाल. हे मला त्या रात्रीच सुचलं, लाईट आल्यावर. समोरच्या बोळात शेवटच्या टोकाला एक ट्यूबलाइट आहे आणि तिच्यावर कायम एक पाल असते, किडे खायला. भाच्याला म्हणलं, समज आपण इतक्या लांब आहोत की ट्यूबची लांबी दिसत नाही, पाल दिसत नाही, नुसता एक उजेडाचा ठिपका दिसतो आणि माझ्याकडं उजेड मोजायचं मीटर आहे. पाल ट्यूबवर आली की मीटर एक टक्क्यानं पडतं. पाल केवढी? ट्यूबच्या शंभराव्या भागाएवढी. बरोबर? "बरोबर." आता मी तुला सांगितलं की तिथं एक नाही, शेजारीशेजारी दोन ट्यूब आहेत, लांबनं एकच वाटतात. पाल तर एकाच ट्यूबवर आहे. आता पाल केवढी?

थोडा वेळ गप्प. मग, "मोठी. दुप्पट मोठी."

दुप्पट जागा झाकते, बरोबर, कारण तिनं तिच्या ट्यूबचा पन्नासावा भाग झाकला तेव्हा कुठं दोन ट्यूबच्या मिळून उजेडात शंभरावा भाग कमी दिसला. दुसऱ्या ट्यूबनं दुधात पाणी घातलं. आता ग्रह गोल असतो, झाकलेली जागा दुप्पट म्हणजे व्यास १.४ पट, आणि आकारमान जवळजवळ २.८ पट. आणि इथं मोठी गंमत आहे. वजन तेवढंच राहिलं आणि आकारमान २.८ पट झालं तर घनता तेवढीच खाली येते. म्हणजे पृथ्वीसारखा दगडी ग्रह सापडला, घनता पाण्याच्या साडेपाचपट, म्हणून आपण पेढे वाटले, आणि नंतर कळलं ताऱ्याला तेवढाच तेजस्वी जोडीदार होता, तर घनता पाण्याच्या जेमतेम दुप्पट. गेला की दगड. आता तो जाड वातावरणाचा फुगा निघाला, पाय ठेवायला जमीन नाही. ग्रहात काहीही बदललं नाही, फक्त ताऱ्याच्या शेजारी कोण राहतं ते कळलं. दूरच्या ग्रहाबद्दल आपल्याला जे काही माहीत असतं ते सगळं ताऱ्याकडनं उसनं घेतलेलं असतं, ताऱ्याचा हिशेब चुकला की ग्रहाचा चुकलाच, ओपनिंग बॅलन्सच चुकीचा असल्यावर पुढची खतावणी जुळेल कशी.

आणि हा अपवादातला प्रकार नाही हां. आपल्या शेजारच्या, सूर्यासारख्या ४५४ ताऱ्यांची नीट छाननी करून २०१० मध्ये निष्कर्ष आला की ५६ टक्के एकटे आणि बाकीच्यांना एक किंवा जास्त जोडीदार. सूर्य एकटा आहे म्हणून आपल्याला एकटं असणं नेहमीचं वाटतं, एवढंच.

मग जोडीदार शोधायचे कसे? जमिनीवरनं बघताना मधे हवा आडवी येते, तारा थरथरतो, दोन जवळचे तारे एकमेकांत मिसळतात. उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर लांबची गाडी कशी पाण्यातनं आल्यासारखी हलते, तसं. त्यावर उपाय म्हणजे असा आरसा जो सेकंदाला शेकडो वेळा आपला आकार बारीकसा बदलतो आणि हवेनं केलेला गोंधळ उलटा करून टाकतो. हे काम झपाट्यानं, माणसाशिवाय करणारं रोबो-एओ नावाचं यंत्र अमेरिकेतल्या कॅलटेकनं आणि आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेनं मिळून बनवलं. पालोमार पर्वतावरच्या दीड मीटरच्या दुर्बिणीवर ते लावलं आणि २०१२ च्या एका उन्हाळ्यात केपलरनं सुचवलेले ७१५ तारे तपासले. त्यातल्या ५३ च्या शेजारी दुसरा तारा बसलेला दिसला, आणि बहुतेक आधी कुणाला माहीतच नव्हते. जेकबनं पुण्यातनं जोड्या मोजल्या १८४५ ला, आणि पुण्यानं हातभार लावलेलं यंत्र २०१२ ला पुन्हा जोड्याच मोजतंय.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, म्हणजे जोडतारे नुसते खोडा घालायलाच असतात का, त्यांना स्वतःचे ग्रह नसतात? असतात की. दोन प्रकारानं असतात. एक, ग्रह एकाच ताऱ्याभोवती फिरतो आणि दुसरा तारा लांबनं बघत बसतो. दोन, ग्रह दोघांच्या मिळून भोवती फिरतो, आईबाप मधे फुगडी घालतायत आणि पोरगं बाहेरनं पळत चक्कर मारतंय. दोन्हीत नियम एकच, ग्रहानं मधल्या धुमश्चक्रीत पडायचं नाही. एकाच ताऱ्याभोवती फिरायचं तर दुसऱ्या ताऱ्याच्या अंतराच्या चौथ्या-पाचव्या भागाच्या आत राहायचं. दोघांभोवती फिरायचं तर त्यांच्या अंतराच्या साधारण अडीच-तीन पट तरी बाहेर. मधे सापडला की गोफणीतल्या दगडासारखा भिरकावला जातो.

पहिल्या प्रकारचं उदाहरण वृषपर्वा तारकासमूहातलं. त्यातल्या गॅमा ताऱ्याला सूर्य-युरेनस अंतराएवढ्यावर जोडीदार आहे आणि तरी ताऱ्याजवळ ग्रह आहे. ह्याची चाहूल कॅनडातल्या लोकांना १९८८ मध्येच लागली होती, पण त्यांनी १९९२ मध्ये दावा मागं घेतला, तारा स्वतःच हलत असेल म्हणून, आणि २००३ मध्ये तो ग्रह पक्का झाला. धरून बसले असते तर १९९५ चा मान त्यांचा असता. मला त्या लोकांचं फार वाईट वाटतं, पण जेकबची गोष्ट माहीत असलेला माणूस दुसरं काय करणार.

दुसऱ्या प्रकारातला गाजलेला म्हणजे केपलर-१६ बी, २०११ चा. २४५ प्रकाशवर्षांवर दोन तारे, एक सूर्याच्या ६९ टक्के वजनाचा, एक २० टक्के, ४१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात, आणि त्या दोघांभोवती शनीएवढा ग्रह २२९ दिवसांत चक्कर मारतो. दोन सूर्य उगवणार, दोन मावळणार, प्रत्येक वस्तूच्या दोन सावल्या, एक जरा पिवळसर ताऱ्याची, एक लालसर ताऱ्याची. फक्त उभं राहायला जमीन नाही आणि थंडी शून्याच्या बरीच खाली. अशा ग्रहाच्या घटी कधीच वेळेवर येत नाहीत, कारण तो समोर येईपर्यंत तारे जागा बदलून बसलेले असतात. आपल्या एसटीसारखं, येणार नक्की, पण कधी ते विचारू नका. आणि हाच त्याचा पुरावा. मागच्या कुठल्या तरी परक्या जोडीचं ग्रहण असतं तर घड्याळासारखं वेळेवर आलं असतं. २०१९ मध्ये वुल्फ कुकियर नावाचा १७ वर्षांचा पोरगा नासाच्या गोडार्ड केंद्रात उन्हाळी इंटर्न म्हणून गेला, त्याला काम दिलं की झाकाझाकी करणाऱ्या जोडताऱ्यांच्या नोंदी चाळ, आणि तिसऱ्या दिवशी त्याला एक घट चुकीच्या वेळी आलेली दिसली. ती ग्रहाची होती, टेसला सापडलेला दोन ताऱ्यांचा पहिला ग्रह. १७ वर्षं ऐकल्यावर भाचा जरा ताठ बसला.

तेवढ्यात परत लाईट गेली. म्हणलं चल, आता दक्षिणेला बघ. विजापूर रोडच्या बाजूला, क्षितिजापासनं वीतभर वर, दोन ठसठशीत तारे. सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर आहे म्हणून ते दिसतात, दिल्लीवाल्यांना ते धड दिसतच नाहीत. (पहिल्या वर्षी मी मोबाईल टॉवरचा दिवा दाखवून हाच तो तारा म्हणून ह्याच्या आईला पंधरा मिनिटं माहिती दिली होती, ती अजून विसरलेली नाही.) दोघातला जो डावीकडचा आणि जास्त तेजस्वी तो मित्र. ४.३७ प्रकाशवर्षं. तोही एक नाही, ए आणि बी असे दोन तारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फिरतात, आणि तिसरा, प्रॉक्सिमा, मंद लाल, आपल्याला सगळ्यात जवळचा, जरा लांबनं त्यांच्याबरोबर चालतो. प्रॉक्सिमाला २०१६ मध्ये पृथ्वीच्या वजनाच्या जवळपासचा ग्रह सापडला, ११ दिवसांचं वर्ष. मधल्या जोडीतल्या बी ताऱ्याला २०१२ मध्ये ग्रह सापडला म्हणून केवढा गाजावाजा झाला आणि तीन वर्षांत कळलं की तो नोंदी हिशेबात घेण्याच्या पद्धतीतनं उपजलेला होता, आकाशात नव्हता. आता ए ताऱ्याजवळ जेम्स वेब दुर्बिणीला एक ठिपका दिसलाय, ऑगस्ट २०२५ ची बातमी, शनीच्या वजनाचा ग्रह असावा. २०२४ मध्ये दिसला, २०२५ मध्ये दोनदा बघितलं तर नाही दिसला, ताऱ्याच्या फार जवळ गेला असेल असं म्हणतात. परत दिसेपर्यंत त्याला उमेदवार म्हणायचं. निवडून आला नाही अजून.

"आणि तो दोन सावल्यावाला?" त्याचं लक्ष अजून केपलर-१६ वरच होतं. "तो कधी बघायला मिळतो?"

त्याची कक्षा हळूहळू कलते, त्यामुळं २०१८ पासनं तो आपल्या नजरेच्या रेषेतनं सरकलाय, तेजस्वी ताऱ्यासमोरनं जाताना दिसत नाही. परत दिसायला लागेल २०४२ च्या सुमारास.

बोटांवर मोजायला लागला. "मी तेव्हा तिशीच्या आसपास. मामा, तू?"

मी म्हणलं झोप आता. पण तो उठून गच्चीच्या कठड्याशी गेला, कारण लाईट परत आली होती आणि त्याला बोळातल्या ट्यूबवर पाल आली का ते बघायचं होतं.

"मामा," तिथनंच ओरडला, "दोन हायत बे ट्यूब. एक बंद पडलीय."